कोनाड्यातली सुपारी

नेवासा,
होळीनंतरचा मंगळवार, १९७४

प्रिय बनू,

अंतर्देशीय आणलं होतं, पण घडी उलगडली तेव्हाच कळलं की त्यात मी काही मावणार नाही. म्हणून दुकानातून रेघांचे कागद आणलेत. अक्षर तेच आहे, तू म्हणायचीस तसं, उकिरड्यावर कोंबड्या नाचल्यासारखं. सांभाळून घे. आणि एक आधीच सांगून ठेवतो, सांगायचं आहे ते शेवटी येईल. तुला माहीतच आहे, मला गिरणीत दळण घेऊन पाठवलं की मी गोदावरीच्या घाटावर सापडायचो आणि दळण गिरणीत पोचायचं ते तुझ्या डोक्यावरून. पत्राचंही तसंच होणार. पण या खेपेला दळण मीच नेणार आहे, एवढा भरवसा ठेव.

तर बातमी. मी पुंजाराम वस्तादांकडं सनई शिकतो, हे पुणतांब्यात तुला तिखटमीठ लावून कुणी ना कुणी सांगितलंच असेल. त्यांच्या घरात देवाशेजारी एक कोनाडा आहे. त्या कोनाड्यात गेल्या बाजारापासून एक सुपारी पडून आहे. एका लग्नाची. वस्तादांच्या घरची रीत अशी, की लग्नघरचा माणूस सुपारी ठेवून जातो आणि जो पुढं बसून वाजवणार तो ती उचलतो. आजवर वस्तादच उचलत आले. या वेळी त्यांनी हात लावला नाही. मला म्हणाले, "ही तुझी हाय. उचलायची का न्हाई ते तुझं तू बघ. पण पुढल्या बाजारापत्तुर बघ. न्हाई म्हणायचं तर त्या लोकांना दुसरा वाजंत्री बघाया टाइम लागतो." बनू, तेव्हापासून माझे पाय जमिनीला लागेनात. पाणी आणायला जातो आणि रिकामी कळशी घेऊन परत येतो. लंकामावशी म्हणजे वस्तादांची बायको, ती म्हणते, "ह्याला सुपारी लागली, खाल्ली न्हाई तरीबी."

पुढं बसणं म्हणजे काय ते सांगतो. लग्नात दोन सनया असतात. पुढची गाणं बोलते. मागची नुसता एक सूर धरते, एकच, पहिल्यापासून शेवटपर्यंत, श्वास न तोडता. संबळावर गोरक्ष असतो, तो वस्तादांचा पुतण्या. मी इतके दिवस मागं बसतो. तू हसशील. ज्या माणसानं तुझ्या दादाला एका जागी, एका सुरावर बसवलं त्याच्या पाया पडायला आई नेवाशाला चालत येईल. मी टिकलो कसा ते माझं मलाही नीट ठाऊक नाही. टिकलो असंही नाही म्हणा, मधे एकदा पळालो, ते येईलच.

तुला आंब्याच्या कोयीची पिपाणी आठवते का? मी ती दगडावर घासून घासून वाजवायचो. आई म्हणायची, गुणाचं गं माझं. शेजारच्या गोजरबाई म्हणायच्या, रंगनाथाच्या ओठात देव हाय. आणि तू, एवढीशी, परकराचा ओचा तोंडात धरून म्हणायचीस, "दादा, म्हस बिचकली." मी तुला केवढा मारायला धावायचो. पण खरंच म्हैस बिचकलेली असायची. आई धार काढत असायची, म्हैस लाथ झाडायची आणि चरवी कलंडायची. बाकीच्यांना पिपाणी ऐकू यायची, तुला चरवी दिसायची. हे मला कळायला बघ किती वर्षं लागली, आणि तेही तुझ्या तोंडून नाही, दुसऱ्याच्या.

मी घर सोडलं ती गोष्ट परत उगाळत नाही. नांगर तासात उभा ठेवून पलीकडच्या वरातीमागं गेलो, बैलांनी दुसऱ्याचा हरभरा खाल्ला, आबा म्हणाले, "जा मग तिकडंच," आणि मी गेलो. मग दुष्काळ आला. नेवाशाच्या या बाजूला पाझर तलावाचं काम निघालं होतं, तिथं खडी फोडली. खायला रेशनच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि कामावर वाटायचे ती सुकडी. सुकडी मला आवडायची, हे कुणाला सांगू नकोस, बाकी सगळे तिला शिव्या घालत. तिथं माझ्या शेजारी एक पिकल्या मिशांचा माणूस खडी फोडायचा. दुपारी सगळे बाभळीखाली आडवे झाले की तो उपरण्यातून सनई काढायचा, तिची फुंकायची पत्ती चाकूनं हळूहळू तासायचा आणि न वाजवता परत गुंडाळून ठेवायचा. त्या साली लग्नंच नव्हती, वाजवणार कुठं. मी एक दिवस म्हटलं, वाजवा की. तर म्हणाले, "घण मारून हात थरथरतोय. थरथरता हात तिच्यावर ठेवू न्हाई." मला ते फार आवडलं. का आवडलं ते सांगता येत नाही. मी म्हटलं, मला शिकवा. म्हणाले, "शेतकऱ्याचं पोर तू. तुला शिकवलं तर तुझा बाप येऊन माझी सनई मोडंल." मी म्हटलं, बाप लांब आहे. "सनई मोडाया बाप लांबूनबी येत असत्यात," म्हणाले. पण शिकवलं.

शिकवलं म्हणजे काय, तर पपईच्या पानाचा पोकळ देठ दिला आणि पाण्याचा पेला. देठातून पाण्यात फुंकायचं, बुडबुडे येत राहिले पाहिजेत. मधे नाकानं श्वास घ्यायचा, पण बुडबुडा थांबता कामा नये. गालात हवा साठवायची आणि ती खर्चत खर्चत नवी घ्यायची. ऐन दुष्काळात पेलाभर पाणी म्हणजे काय ते तुला सांगायला नको. लंकामावशी समोर बसायची आणि म्हणायची, "सांडलंस तर तुझ्या वाटंचं." बुडबुडे काढून झाले की तेच पाणी ती तुळशीला घालायची. त्या दुष्काळात नेवाशातली एवढी एकच तुळस हिरवी होती आणि ती माझ्या फुंकरीवर जगली, असं मी सगळ्यांना सांगतो. मावशी म्हणते, "व्हय, थुंकीवर."

पाऊसपाणी झालं, लग्नं परत सुरू झाली आणि मी मागं बसून सूर धरायला लागलो. पण घरी मी पुढची सनईही वाजवायचो, आणि बनू, मला येत होती. बढाई म्हणून सांगत नाही, बोटं पटकन बसायची. एकदा ऐकलं की यायचं. गल्लीतले लोक दारात येऊन उभे राहायचे. मी डोळे मिटून वाजवायचो. डोळे मिटून वाजवणारा माणूस दिसतो फार भारी, हे मी एका मोठ्या वाजंत्र्याला बघून उचललं होतं. वस्ताद ऐकायचे, काही बोलायचे नाहीत. मला वाटायचं, बोलायला काही उरतच नसेल.

मग घोडेगावाकडच्या एका वाडीतलं लग्न. लग्न लागलं, जेवणं झाली आणि वस्तादांना खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. पाठवणी तोंडावर आलेली. त्यांनी पुढची सनई माझ्या हातात दिली. आता एक गोष्ट लक्षात ठेव, तिच्यावरच सगळं आहे. इकडं नवरी गाडीत बसली तरी सनई वाजतेय तोवर गाडीवान बैल हाकत नाही. सनई थांबली की गाडी हलते. हे कुणी सांगावं लागत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं.

मी डोळे मिटले आणि वाजवलं. असं वाजवलं की मलाच वाटलं, हे कोण वाजवतंय. लोक जमायला लागले ते पायांच्या आवाजावरून कळत होतं. कुणी वा म्हणालं, कुणी माझ्या टोपीत नोट खोचली. मी वर चढलो, आणखी वर चढलो, आणि जिथं सगळ्यांनी एकदम वाहवा केली तिथं झोकात थांबलो. डोळे उघडले. माझ्याभोवती चार पदरी माणसं, सगळ्यांची तोंडं माझ्याकडं. आणि त्यांच्या पाठीमागून घुंगरांचा आवाज लांब लांब चाललेला. गर्दीच्या बाहेर एक बाई उभी होती. पदरात तांदूळ, हातात नारळ. नवरीची आई. ती लेकीची ओटी भरायला निघाली होती आणि माझ्याभोवतीच्या माणसांतून तिला वाट मिळाली नव्हती. मग ती पळाली. नारळ छातीशी धरून गाडीमागं ओढ्यापर्यंत पळाली. गाडीला ऐकू गेलं नाही.

परतीच्या वाटेवर मी हवेत होतो. त्या बाईचं मला एवढं काही वाटलं नव्हतं, खरं सांगतो. वाटलं होतं, लग्नात असं व्हायचंच. वस्ताद पुढं चालत होते. मी विचारलं, कसं झालं. ते थांबले नाहीत, मागंही बघितलं नाही. म्हणाले, "वाजवलंस झकास. तिची ओटी ऱ्हायली."

एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. मी घरी येऊन माझं बोचकं बांधलं. म्हातारा जळतो म्हटलं. इतक्या माणसांनी वाहवा केली ती खोटी आणि हा एकटा खरा काय. श्रीरामपूर गाठलं. तिथं एका बँडवाल्यानं मला घेतलं, लाल डगला दिला, डगल्याला पितळी बटणं होती, एक नव्हतं, तिथं मी सेफ्टी पिन लावायचो. बँडचा मालक फार दिलदार माणूस. लग्न झालं की सगळ्यांच्या पाठीवर थाप मारायचा, वा पठ्ठे, वा. पहिल्यांदा मला वाटलं, इथं माणसाची कदर आहे. मग एका वरातीत ताशावाला इतका चुकला की घोडा आडवा झाला आणि नवरदेवाचा फेटा गटारात गेला. मालकानं त्यालाही थाप मारली, वा पठ्ठे. त्या दिवशी मी माझ्या पाठीवरची थाप घेतली आणि ती कुठं पोचलीच नाही. मला उगीचच तो नारळ दिसायला लागला. उसाच्या ट्रकवर बसलो तरी नारळ. तंबूतला सिनेमा बघायला गेलो, पडद्यावर नवरी सासरी निघाली, सगळा तंबू रडतोय आणि मी बघतोय की हिची आई कुठं आहे. आई नव्हतीच सिनेमात. मी शेजारच्या माणसाला विचारलं, हिची ओटी कोण भरणार. तो म्हणाला, गप बस की लेका.

बनू, मग मी परत आलो. दारात उभा राहिलो. लंकामावशी भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "आला का? पाय धू." वस्तादांनी मागची सनई कोपऱ्यातून काढून दिली. म्हणाले, "सूर धर." बास, एवढाच आमचा समेट.

पण माझं काहीतरी बिघडलं होतं. आता सनई तोंडाला लावली की वाटायचं, मी कुणाच्या तरी वाटेत उभा आहे. कुणाचं तरी काहीतरी माझ्यामुळं राहतंय. मी हळू वाजवायला लागलो, मग आणखी हळू. बोटं तीच होती पण त्यांच्यावरचा माझा विश्वास उडाला होता. एखादी हरकत यायची, ती मी मधेच गिळून टाकायचो. लोक म्हणायचे, पोरगं मऊ झालं. मला वाटायचं, मी शहाणा झालो. असं कितीतरी दिवस चाललं आणि मी कुणाला बोललो नाही. मी. कुणाला बोललो नाही. यावरून तूच काय ते ओळख.

ते मोडलं लंकामावशीनं. एकदा मी घरात पुढची सनई वाजवत होतो आणि ती बाहेरून पाणी घेऊन आली. म्हणाली, "तू हुतास व्हय? मला वाटलं कुणाचं पोर कडी लावून आत रडतंय." गोरक्ष संबळावर पडून हसला. वस्ताद हसले नाहीत. त्यांनी मला समोर बसवलं आणि त्या दिवशी ते एरवी वर्षात बोलत नाहीत तेवढं बोलले. म्हणाले, "आधी समद्यांच्या म्होरं हुभा ऱ्हायलास, आता दाराआड लपतुयास. दोन्ही येळंला तू तुलाच बघतुयास. मी तुला वाजवू नको कवा म्हनलं? झकास वाजवलंस म्हनलं ते तुझ्या कानात शिरलंच न्हाई व्हय?" खरंच शिरलं नव्हतं बनू. त्यांनी दोन वाक्यं सांगितली होती आणि मी एकच घेऊन श्रीरामपूरला पळालो होतो. मग म्हणाले, "डोळं उघडं ठिव. कुनाला काय पायजेल ते बघ. नवरीच्या आईच्या हाताकडं बघ. हात मोकळा झाला का न्हाई, ती पोचली का न्हाई. ती पोचंपत्तुर पायजेल तेवढं वर चढ, कोन न्हाई म्हनतंय. पन थांबायचं ते तिच्याकडं बघून. लोकांकडं बघून न्हाई."

मी विचारलं, एवढं होतं तर त्याच दिवशी का नाही सांगितलं. तर म्हणाले, "सांगत हुतो की. तू बोचकं बांधीत हुतास."

डोळे उघडे ठेवून वाजवणं फार अवघड आहे, तू करून बघ, म्हणजे सनई नको, डोळे उघडे ठेवून नुसता देवाला नमस्कार करून बघ. मन चहूकडं पळतं. आणि माझं मन तर मुळातलंच पळपुटं. मांडवात कुणाच्या कानात नवीन कुडी आहे, कोण कुणावर रुसलंय, आचारी लाडू कुठं लपवतोय, सगळं मला दिसायला लागलं. आधी सूर हलायचा. मग एक दिवस मला कळलं की हे तर माझंच काम आहे. जन्मभर मला सगळे म्हणत आले, ह्याचं लक्ष इकडंतिकडं. आता इकडंतिकडं लक्ष ठेवण्याचाच मला धंदा मिळालाय. आबांना हे सांगू नकोस, ते म्हणतील, मग बैलांकडंच नव्हतं का ते.

आता हिवरे बाजारचं सांगतो आणि मग मुद्द्यावर येतो. नगरजवळचं गाव, सगळा खडकाळ माळ. तिथलं एक लग्न होळीआधी झालं. नवरीला वडील नाहीत. ओटी चुलतीनं भरली. आई विधवा, म्हणून ती पुढं आलीच नाही, मांडवामागं चुलीपाशी उभी राहिली, हात पिठाचे. मी मागं सूर धरून बसलेलो. नवरी गाडीत बसली. तिची मान सारखी वळत होती, डावीकडं, उजवीकडं. वस्ताद गाणं संपवत आणत होते, आणि मधेच त्यांना खोकला आला. पुढची सनई थांबली की मागचीनं थांबायचं, असा नियम. गाडीवानानं कासरा उचलला. मी थांबलो नाही. नुसता एक सूर बनू, गाणं नाही, काही नाही, तेवढा एक. गाडीवान बुचकळ्यात पडला, सनई थांबलीय म्हणावं की नाही. कासरा तसाच हातात. मी चुलीकडं बघत होतो आणि मनात म्हणत होतो, या हो बाई, या. गाल दुखायला लागले. मग चुलतीलाही काय वाटलं कोण जाणे, ती मागं वळली आणि तिनंच जावेला हाताला धरून आणलं. पिठाच्या हातांनी त्या माउलीनं लेकीचं तोंड कुरवाळलं. नवरीच्या गालावर पिठाची बोटं उमटली आणि ती तशीच सासरी गेली. तोवर वस्तादांचा खोकला थांबला होता. त्यांनी सनई उचलली, माझ्या सुरावर हलकेच येऊन बसले, चार फुंका वाजवल्या आणि दोघांनी एकदम थांबवलं. गाडी हलली. आमच्याकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. वाहवा नाही, नोट नाही. मला इतका आनंद झाला की मी लाडू खायचे विसरलो.

वाटेत मी काही विचारलं नाही. वस्ताद आपणहून म्हणाले, "गाल लई फुगवतोस. बेडकावानी दिसतंय." आणि बऱ्याच वेळानं, ओढा ओलांडताना, "पन थांबला न्हाईस ते बरं केलंस." मी दोन्ही वाक्यं घेतली बरं का या वेळी. गालांवर काम चालू आहे.

आता सुपारी कुणी ठेवली ते सांगायचं राहिलं. मुद्दाम राहू दिलं. गेल्या बाजारी मी ओसरीत पत्ती तासत बसलो होतो आणि दारात कोल्हापुरी वहाणांचा आवाज आला. वहाणांवरूनच ओळखलं, डाव्या पायाची करकरते. आबा. चाकू बोटाला लागला. आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. वस्तादांना रामराम घातला आणि सरळ घोंगडीवर बसले. दोघं माझ्याबद्दल असं बोलायला लागले, जसा काही मी बाजारात उभा केलेला खोंडच. आबा म्हणाले, "वाजवतंय का काही, का नुसतंच फिरतंय?" वस्ताद म्हणाले, "सूर धरतंय. मधी येकदा सोडला हुता." आबा म्हणाले, "आमच्याकडंबी तसंच. नांगुर धरायचं, मधीच सोडायचं." वस्ताद म्हणाले, "पन परत आलं." लंकामावशीनं चहा आणला. ती दारातच थांबली, कप पुढं करावा की नाही असं तिला झालं. पुणतांब्याचे आबासाहेब आपल्या घरचा चहा घेतील का, हा प्रश्न तिच्या तोंडावर होता आणि माझ्याही. आबांनी हात पुढं केला. बशीत ओतून, फुंकर घालून, सगळा प्याले. मग कनवटीची सुपारी काढून मधे ठेवली आणि म्हणाले, "अक्षयतृतीयेला लेकीचं लगीन हाय. सनई तुमची पायजेल. पुढं कोन बसंल ते तुमी ठरवा." वस्तादांनी सुपारीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि ती उचलून कोनाड्यात ठेवली. मी आबांना स्टँडवर पोचवायला गेलो. सगळा रस्ता आम्ही ऊस आणि पाण्याच्या पाळ्या बोललो. एस.टी.त चढताना पायरीवर थांबून आबा म्हणाले, "मला काय इचारू नको. तिचं लगीन हाय. बनूला इचार."

म्हणून हे पत्र, बनू. विचारतो. सुपारी उचलू का? राहुरीचे पाव्हणे म्हणतील, नवरीचा भाऊ वाजंत्र्यांत बसलाय, आणि ते बोलणं मला नाही, तुला ऐकावं लागेल, जन्मभर, चुलीपुढं. तू नको म्हणालीस तर मी भाऊ म्हणून येईन, फेटा बांधून मांडवात उभा राहीन आणि मनात आढी धरणार नाही. हो म्हणालीस तर नवरदेवाचा कान पिळायला तेवढा सनई वस्तादांकडं देऊन येईन. जावईबापूंना सांगून ठेव, हल्ली माझी चिमटी फार पक्की झालीय. भीती वाटते, ते लपवत नाही. बहिणीच्या पाठवणीला हात थरथरला तर काय करायचं, ते मला कुणी शिकवलेलं नाही. पण आई सगळ्यांच्या मागं असणार. ती कायम मागंच असते. कुणाचं तरी पान वाढत असेल, मग तिला आठवण होईल, मग ती पदरात तांदूळ घेईल, नारळ शोधेल, आणि तिचा गुडघा दुखतो, ती सावकाश येईल. येऊ दे. ती तुझ्यापर्यंत पोचून तुझी ओटी भरून तिचा हात मोकळा होईपर्यंत तुझी गाडी मी हलू देणार नाही, मग गाल बेडकासारखे दिसोत नाहीतर कसेही. तू माझ्याकडं बघू नकोस, आईकडं बघ. एका ओळीचं कार्ड टाक, शनिवारपर्यंत, बाजाराच्या आधी पोचेल असं. आणि हो म्हणालीस तर आणखी एक काम तुलाच करायचं आहे, कारण वाहवा करायला अख्खं पुणतांबं असेल, पण हे तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही. मांडवपरतणीला माहेरी येशील, तेव्हा पाय धुण्याआधी मला गोठ्यामागं बोलाव आणि लहानपणी सांगायचीस तसं, तोंड न बघता सांग, म्हस बिचकली का नाही.

कार्डाची वाट बघणारा,
तुझाच,
रंगादादा